नाताळच्या जेवणासाठी आकाराचे पाव: नाशिकच्या थंडीत पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

घरी केक आणि नानकटाई बऱ्याचदा केली आहे, पण यीस्टच्या पिठाला अजून हात लावलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. यंदा नाताळच्या जेवणाला बेकरीतल्या लादीऐवजी स्वतः वळलेले पाव वाढायचे असतील तर जरा सावकाश वाचा. गाठीचे, चांदणीचे, द्राक्षाच्या घडाचे पाव बघून दडपण येतं खरं, पण वळण्याचा हात लवकर बसतो. खरी अडचण वेगळीच असते. ती म्हणजे डिसेंबरातली नाशिकची थंडी.

पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘तासभर झाकून ठेवा, पीठ दुप्पट होईल.’ तो तास मुंबईचा. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली जातो. निफाडला तर ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. अशा हवेत ओट्यावर ठेवलेलं पीठ तासाभरात जेमतेम हलतं. नवखा माणूस घाबरतो, यीस्ट खराब निघालं असं धरून चालतो आणि पीठ टाकून देतो, नाहीतर तसंच भाजायला लावतो. मग पाव घट्ट होतात आणि पुन्हा म्हणून कोणी त्या वाटेला जात नाही. पिठाला काहीच झालेलं नसतं, त्याला आणखी वेळ हवा असतो.

हीच थंडी नीट वापरली तर वळताना ती मोठी मदत करते. गार पिठातलं बटर घट्ट झालेलं असतं, त्यामुळे पीठ हाताला चिकटत नाही, पसरत नाही आणि दिलेला आकार धरून राहतं. म्हणून खालची पद्धत थंडीवरच बेतली आहे. आदल्या दिवशी मळायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी गार असतानाच वळायचं, आणि ऊब फक्त शेवटच्या टप्प्यात द्यायची.

सामान

हे प्रमाण ५० ग्रॅमच्या १८ पावांचं आहे. आठ-नऊ माणसांना पुरतं.

मैदा ५०० ग्रॅम
कोमट दूध २५० ते २७० मिली
अंडं १
बटर ६० ग्रॅम
साखर ३५ ग्रॅम
मीठ ८ ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (सपाट भरलेले दीड छोटे चमचे)
वरून लावायला आणखी एक अंडं किंवा दूध, थोडे तीळ, खसखस, बेदाणे

कृपा करून वाटीने मोजू नका. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते, आणि दाबून भरलेला मैदा सैल भरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त बसतो. पावात तेवढा फरक खपत नाही. एक साधा डिजिटल वजनकाटा घ्या. पुढे सगळे गोळे सारख्या वजनाचे करतानाही तोच लागणार आहे, कारण लहान-मोठे पाव एकाच ट्रेत ठेवले की लहान करपतात आणि मोठे आतून कच्चे राहतात.

साखर मुद्दाम कमी ठेवली आहे. हे पाव मटणाच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात बुडवून खायचे आहेत, शाकाहारी पंगत असेल तर शेवभाजीबरोबर. गोड पाव तिथे जात नाही. नुसते चहाबरोबर खायचे असतील तर साखर ५० ग्रॅमपर्यंत वाढवा, त्यापुढे नको. साखर फार झाली की यीस्टचा वेग मंदावतो, आणि थंडीत तो आधीच मंद असतो.

घरात अमूलचं नेहमीचं खारं बटर असेल तर तेच चालेल, फक्त मीठ ७ ग्रॅमवर आणा. मीठ अजिबात वगळू नका. मिठाशिवाय पीठ भराभर फुगतं, पण ढिलं राहतं आणि पाव बेचव लागतो.

दुधाबद्दल आपल्याकडे एक सोय आहे. परदेशी पाककृतींमध्ये दूध आधी उकळून गार करायला सांगतात, कारण न उकळलेल्या दुधाने पाव थोडा कमी फुगतो. आपल्या घरात दूध तापवलेलंच असतं. ते कोमट करा आणि साय काढू नका, पिठात जाऊ द्या. गवळ्याकडचं म्हशीचं दूध असेल तर बटर ५० ग्रॅम पुरे.

अंडं नको असेल तर त्याऐवजी ३० मिली दूध आणि एक मोठा चमचा घट्ट दही घाला. पाव थोडा कमी पिवळसर दिसेल, मऊपणात फारसा फरक पडत नाही. पाचातला एक भाग कणीक वापरायची असेल तर १०० ग्रॅम मैदा कमी करून तेवढी कणीक घ्या आणि दूध १५-२० मिली वाढवा. त्यापेक्षा जास्त कणीक घातली की नाजूक आकार नीट उमटत नाहीत.

यीस्ट दोन प्रकारचं मिळतं. बारीक दाण्याचं इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं. जाड, गोल दाण्याचं असेल तर ते आधी कोमट दुधात चमचाभर साखरेबरोबर दहा मिनिटं ठेवावं लागतं, आणि त्याचं प्रमाण थोडं वाढवून ६ ग्रॅम घ्यावं. पाकीट बरेच दिवस उघडं असेल तर इन्स्टंट यीस्टचीही अशीच परीक्षा घ्या. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस आला नाही तर ते वापरू नका. सण तोंडावर असताना जुन्या यीस्टवर विसंबण्यात अर्थ नाही.

२४ तारखेची संध्याकाळ: मळणं

आपला मैदा आणि भांडी डिसेंबरात गारठलेली असतात. म्हणून दूध कोमटाहून किंचित गरम, साधारण ४० अंशांचं घ्या. करंगळी बुडवून दहा सेकंद आरामात ठेवता आली पाहिजे. चटका बसला तर दूध फार गरम आहे, त्यात यीस्ट मरेल. बटर तासभर आधी फ्रिजबाहेर काढून गॅसच्या जवळ ठेवा. बोट सहज रुतावं इतकं मऊ हवं, पातळ झालेलं नको.

परातीत मैदा, साखर, मीठ, यीस्ट कोरडंच एकत्र करा. मध्ये खळगा करून फेटलेलं अंडं आणि २५० मिली दूध घाला. सगळा मैदा ओला होईपर्यंत फक्त गोळा करा. तळाशी कोरडा मैदा उरला तरच उरलेलं दूध चमच्या-चमच्याने घाला. आता परातीवर ताट झाका आणि वीस मिनिटं हात लावू नका. या वेळात मैदा दूध शोषतो आणि पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

वीस मिनिटांनी पीठ ओट्यावर घ्या आणि बटर तीन-चार वेळा थोडं थोडं करत त्यात जिरवा. बटर घातलं की सगळं बिघडल्यासारखं वाटतं. पीठ फाटतं, घसरतं, ओट्याला तेलकट चिकटतं. इथेच बहुतेक जण मूठभर मैदा वरून घालतात. घालू नका. तीन-चार मिनिटं धीर धरून मळत राहिलात की बटर आत जातं आणि पीठ पुन्हा एकसंध होतं.

मग चांगलं दहा-बारा मिनिटं तिंबा. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, घडी घाला, पीठ चतकोर वळसा फिरवा, पुन्हा ढकला. पोळ्यांच्या कणकेला इतकी मेहनत लागत नाही, त्यामुळे हात थांबायला बघतो. पीठ झालं की नाही हे घड्याळ सांगणार नाही. लिंबाएवढा तुकडा तोडा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारही बाजूंना ताणा. पातळ पडदा होऊन त्यातून खिडकीचा उजेड दिसला, तरी तो फाटला नाही, म्हणजे पीठ तयार. भोकाच्या कडा फाटक्या, दातेरी दिसल्या तर आणखी तीन-चार मिनिटं. आकाराचे पाव करायचे तर ही परीक्षा टाळू नका. कमी तिंबलेल्या पिठाची दोरी वळताना तुटते, आणि भाजताना गाठीच्या वळणावर पाव फाटतो.

गोळा करा, डब्याला पुसट तेल लावून त्यात ठेवा. डबा पिठाच्या अडीच-तीन पट मोठा असावा. तासभर स्वयंपाकघरातच, गॅसच्या जवळपास राहू द्या. पीठ थोडं फुगायला लागलं, वरून गुळगुळीत आणि किंचित फुगीर दिसलं, की एकदा दाबून हवा काढा, झाकण लावा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. अंडं-दूध घातलेलं पीठ रात्रभर ओट्यावर ठेवू नका, बाहेर कितीही थंडी असली तरी. फ्रिजमध्ये ते १० ते २० तास छान राहतं. मध्यरात्रीच्या उपासनेला जाऊन या, सकाळी पुन्हा चर्चला जा, शरणपूर-नाशिकरोडकडच्या नातेवाइकांकडे करंज्या खाऊन या. पीठ आत गुपचूप फुगत असतं आणि त्याला चवही येत असते. घाईत दोन तासांत फुगवलेल्या पिठाला ती चव येत नाही.

२५ तारीख, दुपार: वळण्याआधी

आठ वाजता जेवायचं असेल तर साडेतीनच्या सुमारास डबा बाहेर काढा. पीठ दुप्पट झालेलं आणि दाबल्यावर घट्ट, गार लागेल. तसंच हवं. ते ‘नॉर्मल’वर येण्याची वाट बघू नका. घड किंवा चांदणी करायची असेल तर त्यांचं पीठ आधी वेगळं काढा. बाकीच्याचे लगेच वजन करून ५० ग्रॅमचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाचा गोळा करा. कडा खाली ओढून घ्या आणि हाताच्या पोकळीत धरून ओट्यावर गोल फिरवा, म्हणजे वरची त्वचा ताणली जाते. जोड नेहमी खाली राहू द्या. सगळे गोळे ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा. आपली डिसेंबरची हवा कोरडी असते. उघड्या गोळ्यावर पाच मिनिटांत पापुद्रा येतो आणि तो भाजल्यावरही दिसतो.

ओट्यावर मैदा भुरभुरू नका, अगदीच चिकटलं तर चिमूटभर. दोरी वळायला ओट्याची थोडी पकड लागते. कोरड्या मैद्यावर पीठ नुसतं घसरतं, लांब होत नाही.

गाठ: सुरुवात इथून करा

५० ग्रॅमचा गोळा चपटा करा, गुंडाळून छोटी वळकटी करा आणि कडबोळं वळतो तशी दोन्ही हातांखाली मधून कडेकडे लांबवत न्या. दोरी २०-२२ सेंटिमीटर झाली पाहिजे. मध्येच ती आखडायला लागली, ओढलं तरी मागे यायला लागली, तर जबरदस्ती करू नका. ती बाजूला ठेवून दुसरी घ्या. पाच मिनिटांनी पहिलीकडे आलात की ती निमूट लांब होते. पिठाला दिलेली ही पाच मिनिटं वळण्यातली निम्मी करामत आहे.

आता दोरीची साधी सैल गाठ मारा. एक टोक वरून फिरवून मध्यभागी खोचा, दुसरं खालून नेऊन दाबा. गाठ घट्ट आवळली तर फुगायला जागा राहत नाही आणि मधला भाग वर उसळून फुटतो. गाठीच्या मध्ये करंगळी शिरेल इतकी पोकळी ठेवा. ती पुढे आपोआप भरते.

पहिल्या दोन-तीन गाठी वेड्यावाकड्या येतील. फुगून, भाजून, चकाकी येऊन बाहेर आल्या की त्यांतलं बरंचसं झाकलं जातं. गाठ हा आकार फार क्षमाशील आहे, म्हणूनच तो पहिला.

एस

स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला संत लुसियाच्या दिवशी केशराचे पाव करतात. आकार इंग्रजी ‘एस’चा, दोन्ही टोकं आत गुंडाळलेली आणि प्रत्येक गुंडाळीत एक बेदाणा. आपल्या पिठात हा आकार उत्तम बसतो. दोरी २५ सेंटिमीटर करा, एक टोक वरच्या दिशेने आणि दुसरं खालच्या दिशेने गुंडाळत मध्यापर्यंत आणा. बेदाणा कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, पुसून, अगदी खोल दाबा. वरवर ठेवलेला बेदाणा ओव्हनमध्ये करपून कडू होतो. पिठाचा रंगही तसाच हवा असेल तर मळण्याआधी चिमूटभर केशर कोमट दुधात भिजवून तेच दूध वापरा.

द्राक्षाचा घड

नाशिककरांच्या पंगतीत हाच मधोमध ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर छाटणीच्या बागांत नाताळच्या दिवसांत मणी अजून हिरवे, कडक असतात, तेव्हा टेबलावर तरी घड पिकलेला असावा. हा आकार दिसायला सगळ्यात भारी आणि हाताला सगळ्यात सोपा आहे, कारण यात नुसत्या गोळ्या करायच्या असतात. मुलांना बसवा, अर्धा तास रमतात.

३४० ग्रॅम पीठ वेगळं काढा. त्यातलं ४० ग्रॅम पान आणि देठासाठी बाजूला करून, झाकून फ्रिजमध्ये परत ठेवा. उरलेल्या ३०० ग्रॅमच्या २४ गोळ्या करा, प्रत्येकी १२-१३ ग्रॅमची. ट्रेवर बटर पेपर घाला आणि वरून खाली ५, ५, ४, ३, २, १ अशा ओळी मांडा. शेजारच्या ओळीतली गोळी आधीच्या दोन गोळ्यांच्या खाचेसमोर यावी, म्हणजे घड खरा वाटतो. दोन गोळ्यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरची फट ठेवा. फुगताना त्या एकमेकींना भिडतात आणि जेवताना हाताने एकेक तोडता येते. या २० झाल्या. उरलेल्या चार वरच्या दोन ओळींवर मध्यभागी ठेवा, घडाला फुगवटा येतो. त्यांच्या बुडाला पाण्याचं बोट लावा, नाहीतर भाजताना घरंगळतात.

पान आत्ता लावायचं नाही. हे जरूर लक्षात ठेवा. पान घडाबरोबर फुगलं तर त्याच्या कडा आणि शिरा बुजतात आणि पानाचा नुसता गोळा होतो. घड फुगून ओव्हनमध्ये जायच्या पाच मिनिटं आधी फ्रिजमधलं पीठ २-३ मिलिमीटर पातळ लाटा, सुरीच्या टोकाने द्राक्षाच्या पानाचे पाच कोपरे कापा आणि सुरीच्या पाठीने शिरा दाबा. आरपार जाऊ देऊ नका, पण घाबरत घाबरतही ओढू नका. हलक्या रेघा भाजल्यावर दिसतच नाहीत. उरलेल्या पिठाचा जाडसर देठ आणि एक अगदी बारीक दोरा करा. दोरा पेन्सिलीभोवती गुंडाळून अलगद काढलात की वेलीचं वळण तयार. घडाच्या गोळ्यांना अंडं दोनदा लावा आणि पानाला नुसतं दूध. भाजल्यावर मणी तांबूस, चकचकीत दिसतात आणि पान फिकं राहतं. हा रंगातला फरकच सगळी शोभा आणतो.

चांदणी

दारात कागदी चांदणी लागली की मुलांना टेबलावरही तीच हवी असते. यात चार पातळ पोळ्या एकावर एक येतात, त्यामुळे पीठ गार असणं इथे सर्वात महत्त्वाचं आहे. ४४० ग्रॅम पिठाचे ११० ग्रॅमचे चार गोळे करा आणि प्रत्येक २२ सेंटिमीटर व्यासाचा लाटा. लाटून झालेली पोळी बटर पेपरमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवत चला.

बटर पेपरवर पहिली पोळी ठेवा. जेवणासाठी मी आत वितळून गार केलेलं बटर, ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेली कोथिंबीर लावते. कोथिंबीर धुऊन अगदी कोरडी केलेली हवी. कडेचा एक सेंटिमीटर सोडून लावा. त्यावर दुसरी, पुन्हा बटर, तिसरी, पुन्हा बटर, चौथी कोरडी. जाड थर लावण्याचा मोह आवरा, पीळ देताना सगळं बाहेर सांडतं.

मध्यभागी एक वाटी उपडी ठेवून हलका ठसा उमटवा, साधारण ६ सेंटिमीटरचा. या ठशापासून कडेपर्यंत धारदार सुरीने आधी चार काप द्या, मग प्रत्येक भागाचे दोन, मग पुन्हा दोन. सोळा पट्ट्या झाल्या. आता शेजारच्या दोन पट्ट्या दोन हातांत धरा, एकमेकींपासून लांब, बाहेरच्या दिशेने प्रत्येकीला दोन पीळ द्या आणि टोकं घट्ट चिमटा. अशा आठ जोड्या, आठ टोकं. चिमटताना हात राखू नका. सैल जोडलेली टोकं ओव्हनमध्ये उघडतात. वाटेत पीठ मऊ पडून लोंबायला लागलं तर सगळा ट्रे दहा मिनिटं फ्रिजमध्ये सरकवा आणि पुन्हा सुरू करा.

मुलांसाठी साळिंदर करायचं असेल तर ५० ग्रॅमचा लंबगोल गोळा फुगून तयार झाल्यावर, भाजायच्या अगदी आधी, ओल्या कात्रीच्या टोकाने पाठीवर आडवे-तिरके चिमटे काढा. डोळ्यांना काळी मिरी लावू नका, मुलांच्या दाताखाली येते. काळे तीळ लावा.

दुसरं फुगणं: आता ऊब द्या

आतापर्यंत गारवा सांभाळला, आता उलट करायचं. ट्रेवरच्या पावांवर अंड्याचा पहिला हात फिरवा. अंडं चमचाभर दूध आणि चिमूटभर मीठ घालून फेटा आणि गाळून घ्या. गाळलं नाही तर पांढऱ्याच्या गाठी पावावर दिसतात. ट्रे बंद ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये ठेवा, खाली उकळत्या पाण्याची वाटी ठेवा आणि दार लावा. ओटीजी चालू करायचा नाही. आत २८-३० अंशांची दमट ऊब तयार होते. अर्ध्या तासाने पाणी बदला. मायक्रोवेव्हमध्येही असंच जमतं. झटपट व्हावं म्हणून गॅसशेजारी फार गरम जागी ठेवलं तर आतलं बटर वितळून बाहेर येतं आणि पाव तेलकट, बसका होतो.

गार पीठ असल्याने गाठींना सव्वा ते दोन तास लागतील. घड आणि चांदणीवर लक्ष ठेवा, त्यांचं पीठ पातळ आणि सुटं असल्याने ती थोडी लवकर तयार होतात. पण वेळेवर जाऊ नका, बोटाने विचारा. ओलं बोट पावाच्या बाजूला हलकेच दाबा. खळगा टुणकन भरून आला तर अजून थांबा. हळूहळू, अर्धाच भरून आला तर तयार. अजिबात भरला नाही, पाव सुस्कारा टाकल्यासारखा खाली बसला, तर जास्त झालं, तसाच लगेच भाजायला लावा. ट्रे अलगद हलवल्यावर पाव थरथरले, तर तीही खूण धरा.

ते तयार व्हायच्या वीस मिनिटं आधी ट्रे बाहेर काढून झाकून ठेवा आणि ओटीजी १९० अंशांवर तापायला लावा, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून. ट्रे आत असताना ओटीजी सुरू केला तर पाव वाया गेलेच समजा. म्हणून बटणावर एखादी कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवा, विशेषतः घरात पाहुणे आणि चार हात मदतीला असतील तेव्हा.

भाजणं

अंड्याचा किंवा दुधाचा दुसरा हात लावा, तीळ-खसखस आत्ताच भुरभुरा, आणि ट्रे मधल्या कप्प्यात सरकवा. गाठी आणि एस १९० अंशांवर १५-१८ मिनिटं. घड १८० अंशांवर २० मिनिटांच्या आसपास. चांदणी १८० अंशांवर २०-२४ मिनिटं. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा, बहुतेक ओटीजी मागच्या बाजूला जास्त भाजतात. पानाच्या आणि चांदणीच्या टोकांना रंग लवकर चढतो, त्यांच्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा सैल ठेवा.

ओटीजीच्या बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा २०-२५ अंशांची तफावत असते. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. तो नसेल तर रंगावर आणि बुडावर भर द्या. पाव उलटा करून बघा. बूड तांबूस आणि टकटक केल्यावर पोकळ वाजणारं हवं. अन्नात खुपसायचा थर्मामीटर असेल तर पावाच्या आत ९० अंश दिसले की झालं.

घरी ओव्हन नसेल तर कुकर-कढईतल्या वाळूवर पाव भाजतात, पण आकाराच्या पावांना वरून रंग चढत नाही आणि सगळी वळणं फिकी दिसतात. त्यापेक्षा ओळखीच्या बेकरीवाल्याला चार-पाच दिवस आधी विचारा. नानकटाईचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायची पद्धत आपल्या गावांना नवी नाही, आणि काही ठिकाणी अजूनही ट्रे भाजून देतात. भट्टीचा शेक तेज असतो, तेव्हा ट्रेजवळ स्वतः उभे राहा.

बाहेर काढल्या काढल्या गाठींवर बटर फिरवा आणि पाव जाळीवर ठेवा. ट्रेतच राहिले तर वाफेने बूड ओलं होतं. दहा मिनिटं तोडू नका, आतला लगदा अजून बसत असतो. अंडं न वापरणाऱ्यांनी दुधात चिमूटभर साखर घालून तो हात ओव्हनमधून काढायच्या दोन मिनिटं आधी पुन्हा एकदा फिरवावा, रंग आणि चकाकी दोन्ही येते.

जेवण पुढे गेलं तर, आणि उरले तर

पंगतीला उशीर झालाच तर पूर्ण गार झालेले पाव फॉइलमध्ये गुंडाळून १५० अंशांवर सहा-सात मिनिटं तापवा. मायक्रोवेव्हमध्ये ते क्षणभर मऊ होतात आणि ताटात येईपर्यंत चिवट होतात. आदल्या दिवशीच भाजून ठेवायचे असतील तरी हीच युक्ती चालते. गार झाले की हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. फ्रिजमध्ये पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. जास्त दिवस ठेवायचे तर फ्रीझरमध्ये, पिशवीतली हवा काढून, महिनाभर.

२६ तारखेला उरलेल्या गाठी आडव्या कापून तव्यावर बटरमध्ये शेका आणि रात्रीच्या रश्श्याचा तळ त्यात भरा. लसणाच्या चांदणीचे तुकडे उरले असतील तर कुरकुरीत भाजून टोमॅटोच्या सारात टाका.